भाचा ५६ किलोचा, खेळायचंय ५१ मध्ये. आठवड्यात पाच किलो उतरवणं कितपत बरोबर?

सुरेखा_सोलापूर

नमस्कार मंडळी. माझा भाचा सोळा वर्षांचा आहे, गाव मंगळवेढ्याकडचं, तालमीसाठी आणि कॉलेजसाठी आमच्याकडे सोलापुरात राहतो. सतरा वर्षांखालच्या गटात कुस्ती खेळतो. अंगानं चांगला भरलाय, गेल्या महिन्यात वजन ५६ होतं. आता पुढच्या रविवारी निवड चाचणी आहे आणि तालमीत ठरलंय की यानं ५१ किलोच्या गटात खेळायचं, कारण ५५ मध्ये तालमीतलाच एक तगडा पोरगा आहे आणि ५१ ची जागा मोकळी आहे.

सोमवारपासून घरात काय चाललंय ते सांगते. आतून रेनकोट, वरून दोन स्वेटर घालून भर दुपारी होटगी रोडला पळायला जातो. बाहेर पारा ४२ च्या पुढे. आला की खोलीच्या खिडक्या लावून, पंखा बंद करून रग घेऊन बसतो. हातात रिकामी बाटली, त्यात थुंकत राहतो. दिवसाला अर्धी भाकरी आणि काकडी, संध्याकाळनंतर पाण्याचा घोट नाही. काल बाथरूममधून येताना भिंत धरून उभा राहिला, डोळ्यापुढं अंधारी आली म्हणाला. लघवी अगदी गडद, तांबूस. ओठ फुटलेत. आणि एरवी इतका शांत पोरगा, पण ताट पुढं केलं की अंगावर येतो.

मी बोलले की म्हणतो, मावशी तुला नाय कळायचं, सगळे पैलवान असंच करतात. बहीण फोनवर म्हणते वस्ताद सांगतील ते कर. वस्तादांशी मला वाकडं घ्यायचं नाही, त्यांनी पोराला घरच्यासारखं सांभाळलंय. पण हे असं पाणी तोडून वजन उतरवताना आत शरीरात काय होतं हे कुणीतरी नीट सांगा, म्हणजे मला वस्तादांशी बोलता येईल.

बे_सोलापुरी

मावशी टेन्शन घेऊ नका, खरंच सगळेच करतात. मी ६५ चा आहे आणि ६१ ला खेळतो. शेवटचे तीन-चार दिवस लई वंगाळ जातात पण एकदा काट्यावर वजन झालं की ग्लुकोज, केळी, खजूर, दोन तासात परत ताकद येती. काही जण तर सलाईन लावून घेतात, फ्रेश होतात एकदम. खाली खेळलं तर समोरचा बारका मिळतो ना, तोच तर फायदा आहे.

डॉ_अनघा

सुरेखाताई, आधी आजचं बघू, बाकी चर्चा नंतर. मी सोलापुरातच किडनीच्या पेशंटबरोबर काम करते, तुम्ही लिहिलंय त्यातली अंधारी आणि तांबूस लघवी या दोन गोष्टी मला अजिबात आवडलेल्या नाहीत. त्याचं आजचं पळणं आणि रग घेऊन बसणं बंद करा. ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण मिसळून थोडं थोडं पाजत राहा, एकदम ढसाढसा साधं पाणी नको. आणि आज किंवा उद्या सकाळी डॉक्टरांकडे नेऊन बीपी, क्रिएटिनिन (किडनी नीट चालते का ते यावरून कळतं), सोडियम, पोटॅशियम आणि एक ईसीजी करून घ्या. लघवी कोकसारखी काळपट झाली, सात-आठ तास झालीच नाही, उलट्या सुरू झाल्या, छातीत धडधड वाटली, किंवा पोरगा असंबद्ध बोलायला लागला तर वाट न बघता सरळ सिव्हिल किंवा जवळचं कोणतंही हॉस्पिटल गाठायचं.

आता आत काय होतं ते. ५६ चे ५१ म्हणजे अंगाच्या वजनाचा जवळजवळ नऊ टक्के भाग आठवड्यात काढायचा. आठवड्यात एवढी चरबी जळतच नाही, मग जातं ते पाणी, आणि स्नायूंत साठवलेली साखर म्हणजे ग्लायकोजेन. ग्लायकोजेनच्या एका ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं, त्यामुळे दोन दिवस भाकरी-भात बंद केला की काटा भराभर खाली येतो आणि पोरांना वाटतं जमलं. पण कुस्तीच्या त्या काही मिनिटांत जे जळण लागतं ते हेच ग्लायकोजेन.

पाणी गेलं की रक्तातला पातळ भाग कमी होतो. तेवढ्याच रक्तात भागवायचं म्हणून हृदय जास्त वेगानं ठोके टाकतं. किडनीकडे जाणारं रक्त कमी होतं, ती पाणी धरून ठेवायला बघते म्हणून लघवी गडद. त्याच अवस्थेत उन्हात जोरात व्यायाम केला तर स्नायूंचे तंतू तुटून त्यातलं द्रव्य रक्तात येतं आणि किडनीत अडकतं. तेव्हाची लघवी काळपट तांबडी असते. तरुण, धडधाकट मुलं या कारणानं डायलिसिसवर गेलेली मी बघितलीत. बहुतेक बरी होतात, पण सगळ्यांची किडनी पूर्वीसारखी होतेच असं नाही.

आणि रेनकोटचं सांगते. घाम नुसता येऊन अंग गार होत नाही, तो वाळला की गार होतं. आपल्या सोलापूरच्या कोरड्या उन्हात घाम लगेच वाळतो म्हणून आपण तगतो. प्लास्टिकच्या आत तो वाळतच नाही, नुसता गळत राहतो आणि आतलं तापमान चढत राहतं. ४० च्या वर गेलं की मेंदूवर परिणाम होतो, माणूस बरळतो, कोसळतो. तो उष्माघात. तेव्हा आधी कपडे काढून, भरपूर पाणी ओतून, शक्य असेल तर थंड पाण्याच्या टबात किंवा हौदात मान वर धरून बसवून अंग गार करायचं, त्याच वेळी १०८ ला फोन. गाडी येईपर्यंत नुसतं वाट बघत बसायचं नाही.

लाल_माती

डॉक्टरांनी नेमकं सांगितलं. मी मोहोळ भागातला, दहा-बारा वर्षं मातीत आणि नंतर गादीवर, म्हणजे मॅटवर खेळलो, आता शेती आणि म्हशी. थोडं तालमीच्या बाजूनं लिहितो.

सुरेखाताई, एक लक्षात घ्या की हे आपल्या मातीतलं जुनं काही नाही. यात्रेच्या फडात कुणी काटा घेऊन बसत नाही. जोड नजरेनं लावतात, दोन्हीकडचे वस्ताद पोरं उभी करून बघतात, अंगापिंडानं बरोबरीची वाटली की हात मिळवतात. तिथं वजन जास्त असलं तर पोराची चेष्टा नाही, कौतुक होतं. सगळी तालीम अंग वाढवायच्या हिशोबानं चाललेली, दूध, तूप, बदामाची थंडाई, खारीक. वजनाचा काटा आला गादीबरोबर, फेडरेशनच्या स्पर्धांबरोबर. महाराष्ट्र केसरीच्या किताबाच्या गटात सगळे जड पैलवान, आमच्या मोहोळच्या सिकंदर शेखनं २०२३ ला गदा आणली, त्या वजनाच्या पैलवानाला काट्याची फारशी धास्ती नसते. पण त्याच स्पर्धेत खाली ५७, ६१, ६५, ७० अशे गट असतात आणि स्पर्धेच्या आदल्या रात्री त्या पोरांच्या खोलीत जाऊन बघा, सगळी भिंतीला टेकून बसलेली, कुणी कुणाशी बोलत नाही, ओठाला जीभ लावतात फक्त.

आमच्याबरोबर एक पोरगा होता, चपळ, एकलंगीची पकड घातली की सुटणार नाही असा. कायम खालच्या गटात. वजन झाल्यावर पोटभर प्यायचा, खायचा, आणि पहिल्या कुस्तीत दोन मिनिटं वाघ. तिसऱ्या मिनिटाला पायात गोळे. आम्ही त्याला दम कमी म्हणायचो, जास्त जोर मारायला लावायचो. दम कमी नव्हता, त्याच्या अंगात पाणीच नव्हतं. पुढं कुस्ती सुटली त्याची.

भाकरी वाळवून कडक केली की हातात हलकी लागते, पण पीठ तेवढंच असतं. तसंच आहे हे. पोरगं ५६ चंच आहे, फक्त वाळवलेलं.

बे_सोलापुरी

अण्णा ते ठीक आहे पण आजच्या काळात टॉपचे सगळे वजन उतरवूनच खेळतात. अमन सेहरावतनं पॅरिसला दहा तासात साडेचार किलो उतरवलं आणि मेडल आणलं. मग ते चुकीचं कसं म्हणायचं?

पार्क_चौक

अमनचं पूर्ण बघू मग. ऑगस्ट २०२४, ५७ किलो. सेमीफायनल हरल्यावर त्याचं वजन ६१.५ भरलं, रात्रभरात ४.६ किलो उतरवलं आणि दुसऱ्या दिवशी ब्राँझ जिंकलं, बरोबर. पण सोबत कोच होते, डॉक्टर होते, दर तासाला काटा होता, रात्रभर मॅटवरचा सराव, गरम पाण्याची अंघोळ, सॉना म्हणजे घाम काढायची गरम खोली, ट्रेडमिल, मधे विश्रांती, मसाज, सगळं डोळ्यात तेल घालून. आणि तोच अमन २०२५ च्या सप्टेंबरमध्ये झाग्रेबला जागतिक स्पर्धेत १.७ किलो जास्त भरला आणि एकही कुस्ती न खेळता बाहेर. ऑलिंपिक पदकवाला, सगळी सोय हाताशी, तरी.

विनेश फोगाट तर सगळ्यांना पाठ आहे. आधी ५३ खेळायची, पॅरिसला ५० मध्ये उतरली. ६ ऑगस्टला एका दिवसात तीन कुस्त्या जिंकल्या, पहिलीच जपानच्या युई सुसाकीबरोबर, जी आंतरराष्ट्रीय कुस्तीत तोवर हरलेलीच नव्हती. त्या रात्री वजन पावणेतीन किलोच्या आसपास जास्त. रात्रभर झोप नाही, पाणी नाही, सायकल, सॉना, शेवटी केस कापले. ७ ला सकाळी १०० ग्रॅम जास्त. फायनल गेली, पदक गेलं, आणि तिला डिहायड्रेशनसाठी सलाईन लावावं लागलं. आपण सगळे त्या १०० ग्रॅमवर हळहळलो. त्या रात्री एका जिवंत माणसाच्या शरीरावर काय चाललं होतं त्याबद्दल फार कमी बोललो.

आणि वाईटात वाईट काय होतं तेही लिहितो. १९९७ साली अमेरिकेत नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ३३ दिवसांत तीन कॉलेजचे कुस्तीगीर मेले. नॉर्थ कॅरोलिना, विस्कॉन्सिन, मिशिगन. १९ ते २२ वर्षांची पोरं. तिघंही वजन उतरवत होते, घाम निघावा म्हणून अंगात हवाबंद कपडे आणि वरून व्यायाम, सायकल वगैरे. कुणीही दारूचं, ड्रग्जचं नाही, कुस्तीच खेळणारी शिस्तीची पोरं. सुरेखाताईंच्या भाच्याचा रेनकोट वाचला आणि मला तेच आठवलं, म्हणून स्पष्ट लिहिलं, राग नका मानू.

त्यानंतर तिथल्या कॉलेज संघटनेनं रबरी सूट, सॉना, लघवीच्या गोळ्या सगळ्यांवर बंदी घातली. हंगामाच्या सुरुवातीलाच अंगात पुरेसं पाणी आहे का हे लघवीवरून तपासतात, मग चरबी मोजतात आणि या पोराला कमीत कमी कितीपर्यंत खाली येता येईल ते कागदावर ठरतं. आठवड्याला दीड टक्क्यापेक्षा जास्त उतरायचं नाही. वजन कुस्तीच्या अगदी जवळ घेतात, म्हणजे पाणी तोडून मधल्या वेळात भरून काढायचा डावच संपला.

सुरेखा_सोलापूर

वाचून हातपाय गार पडले. भाच्याला बळंच ओआरएस दिलंय, रडकुंडीला आला, म्हणाला काट्यावर काय दाखवू. रेनकोट मी कपाटात घालून कुलूप लावलंय. उद्या सकाळी डॉक्टरकडे. दीड टक्का म्हणजे ५६ ला साधारण आठशे ग्रॅमच झाले की आठवड्याचे!

मॅटवरचा_मास्तर

बरोबर, आठशे-साडेआठशे ग्रॅम. मी प्रशिक्षक आहे, मॅटवर पोरं घेतो, कुठं ते राहू द्या. प्रशिक्षकांना सरसकट दोष देऊ नका, पण यात आमचा वाटा मोठा आहे हे मी मान्य करतो.

असं होतं बघा. जिल्ह्यातून प्रत्येक वजनात एकच पोरगा पुढं जातो. एका तालमीत ५५ ची तीन पोरं असली तर एकाला ५१ ला ढकलतात, एकाला ६० ला चढवतात, म्हणजे तिघंही जातील. कागदावर हिशोब छान. वर आईबापांना सर्टिफिकेट हवं असतं, बोर्डाच्या परीक्षेला वाढीव गुण, पुढं सरकारी नोकरीत खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण. शेतकऱ्याच्या घरात हे लहान नसतं. त्यामुळे पोरगा नाही म्हणत नाही आणि घरचे विचारत नाहीत.

पण नियम बदलले तसा हा हिशोबही चुकलाय हे बऱ्याच जणांच्या ध्यानात आलेलं नाही. पूर्वी आदल्या संध्याकाळी वजन व्हायचं, रात्रभर खायला-प्यायला मिळायचं. आंतरराष्ट्रीय नियमात २०१८ पासून वजन कुस्तीच्या दिवशी सकाळी, आणि फायनल किंवा पदकाच्या कुस्तीला गेलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत. म्हणजे जो जिंकतो त्याला दोनदा वाळायला लागतं. आणि काट्यापासून पहिल्या कुस्तीपर्यंत मोजके तास. तेवढ्यात काय भरून निघणार? डॉक्टर सांगतील.

अजून एक, बे_सोलापुरी, खाली खेळलं की बारका मिळतो म्हणालास. तुझ्यासमोरचा पण वरूनच उतरून आलेला असतो रे. सगळेच उतरले की फायदा कुणालाच नाही.

आणि खाशाबांचं विसरू नका. खाशाबा जाधव १९४८ ला लंडनला फ्लायवेटला खेळले, ५२ किलो, सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला बँटमवेटला उतरले, ५७ किलो, आणि देशाला ब्राँझ मिळालं. वरच्या गटात गेले आणि पदक आणलं. माझ्याकडे नवीन आलेल्या प्रत्येक पोराला मी हे पहिल्या दिवशी सांगतो.

डॉ_अनघा

मास्तर, खूप बरं वाटलं हे वाचून. दोन-तीन तासात काय भरून निघतं ते सांगते. तहान जाते, पोट फुगतं, पोराला बरं वाटतं, पण आतड्यातून पाणी रक्तात आणि रक्तातून पेशींत जायला वेळ लागतो. चार-पाच किलो पाणी गेलं असेल तर पुरतं सावरायला एक-दोन दिवस जातात, ग्लायकोजेनलाही साधारण एक दिवस. म्हणजे पोरगा कुस्ती खेळतो ती अर्धवट कोरड्या शरीरानं.

बे_सोलापुरी, सलाईनचं. तू स्पर्धा खेळतोस म्हणून मुद्दाम लिहिते. हॉस्पिटलमधल्या खऱ्या उपचाराचा भाग नसेल तर बारा तासांत १०० मिलीच्या वर शिरेतून काहीही घेणं वाडाच्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या नियमात बंद आहे. एक साधी बाटलीच ५०० मिलीची असते. आणि लघवी जास्त होण्याची गोळी, फ्युरोसेमाइड वगैरे, ती तर सरळ बंदी असलेल्या यादीत आहे, स्पर्धा असो नसो. सापडलं तर वर्ष-वर्ष बाहेर. पण बंदीपेक्षा मला वेगळी भीती आहे. त्या गोळीनं पाण्याबरोबर पोटॅशियम जातं. रक्तात ते ३.५ च्या खाली घसरत गेलं की हृदयाचे ठोके चुकायला लागतात, आणि आधीच पाणी तोडलेल्या, उपाशी, उन्हात पळणाऱ्या मुलाचं हृदय असं मधेच थांबू शकतं. कुठलीही लक्षणं आधी न दाखवता.

अजून एक, याच्याबद्दल कुणी बोलत नाही. अंगदुखीच्या गोळ्या. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन. खांदा दुखतो, गुडघा दुखतो म्हणून पैलवान रोज घेतात. शरीर कोरडं असताना किडनीतलं रक्त चालू ठेवायची जी शेवटची सोय असते तीच ही गोळी बंद करते. पाणी तोडलंय आणि वरून ही गोळी, हे मला सगळ्यात जास्त दिसतं.

बे_सोलापुरी

डॉक्टर मी ती गोळी घेतो. खांद्यासाठी. वजनाच्या आठवड्यात पण. याच्यावर आजपर्यंत कुणी काय बोललंच नव्हतं.

वैशाली_बार्शी

मुलींबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. मी शाळा-कॉलेजात ५३ ला खेळले, आता शाळेत पीटी शिकवते. हंगामात आमची पाळी बंद व्हायची, दोन-दोन, तीन-तीन महिने, आणि सगळ्या म्हणायच्या बरंच झालं, कटकट गेली. कोचना सांगायची सोय नव्हती, आईला सांगितलं तर ती घाबरून कुस्तीच बंद करेल ही भीती. पुढं नडगीच्या हाडात बारीक फ्रॅक्चर आलं, पडले नव्हते, मार लागला नव्हता, नुसतं पळून पळून. डॉक्टरांनी पाळीचं विचारलं तेव्हा पहिल्यांदा दोन्हीचा संबंध कळला.

खाणं कमी आणि मेहनत जास्त असली की शरीर पाळी थांबवतं, इस्ट्रोजेन कमी होतं आणि हाडं भरायचीच थांबतात. हाड भरायचं वयच ते, विशीपर्यंतचं. नंतर कितीही दूध प्यायलं तरी ते पुरतं भरून येत नाही. मी माझ्या मुलींना आता सरळ विचारते, पाळी वेळेवर येते का. सुरुवातीला लाजल्या, आता स्वतःहून सांगतात. आया वाचत असतील तर एवढं करा, मुलगी तालमीत जाते ना, मग कॅलेंडरवर लक्ष ठेवा.

डॉ_अनघा

वैशालीताई, शंभर टक्के. आणि मुलांतही तेच, फक्त दिसायला खूण नाही. उपासमारीत टेस्टोस्टेरॉन कमी होतं, सोळाव्या वर्षी उंची वाढायची असते ती अडते. चिडचिड, लक्ष न लागणं, झोप उडणं हे सुरेखाताईंनी लिहिलंच आहे, तो पोराचा स्वभाव बिघडलेला नाही, भुकेला आणि कोरडा मेंदू आहे तो.

स्मिता_आहार

मी आहारतज्ज्ञ आहे, खेळाडूंसोबत काम करते. वजन कमी करूच नये असं नाही, पण ते दोन-अडीच महिन्यांत होतं, आणि ज्याच्या अंगावर चरबी आहे त्याचंच. भरलेल्या पण बारीक पोराचं कुठून काढणार?

मोठ्या पैलवानांसाठी सांगते, वाढत्या मुलांनी वजन कमी करायचंच नाही, जे वाढतं ते वाढू द्यायचं. आपल्याच जेवणात भरपूर आहे. ज्वारीची भाकरी ठेवा, बंद करू नका. मूग, मटकी, हुलगे, अंडी, दही, ताक, ज्यांना चालतं त्यांनी चिकन-मासे. वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला दीड ते दोन ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत, म्हणजे चरबी उतरताना स्नायू उतरत नाही. कमी काय करायचं तर थंडाईतली साखर, तूप, आणि हो, शेंगाचटणी. मला माहितीये सोलापुरात हे बोलणं म्हणजे धाडस, पण निम्म्याहून जास्त शेंगदाणेच असतात त्यात, भाकरीबरोबर चार चमचे सहज जातात आणि तेवढ्यात दुसऱ्या भाकरीएवढं पोटात गेलेलं असतं. जुना खुराक चुकीचा नव्हता, हजार-दीड हजार बैठका मारणाऱ्या अंगासाठी तो होता. आज मेहनत वेगळी आणि खुराक मात्र तोच.

पाणी एक दिवसही तोडायचं नाही. सकाळची लघवी फिकट पिवळी असली पाहिजे, एवढी साधी तपासणी रोज स्वतःची स्वतः करता येते.

आणि हंगाम संपल्यावर जो अधाशीपणा येतो, आठ दिवसांत सात-आठ किलो, तो पण याच उपासमारीचा भाग आहे. फिनलंडमध्ये जुन्या कुस्तीगीर, बॉक्सर, वेटलिफ्टर लोकांकडे बघितलं तर वर्षानुवर्षं वजन खाली-वर करणाऱ्यांची पुढच्या वयात इतर खेळाडूंपेक्षा जास्त वजन वाढलं होतं. आपल्याकडचे जुने पैलवान आणि त्यांचं पोट, शुगर, बीपी सगळ्यांनी बघितलंय, त्याला खेळ सुटूनही खुराक तोच राहणं हेही कारण आहेच, पण हेही एक.

लाल_माती

शेंगाचटणीवर हात ठेवलात तुम्ही, पण पटलं.

सुरेखा_सोलापूर

सगळ्यांचे आभार, आता काय झालं ते सांगते. रिपोर्ट आले. पोटॅशियम ३.२, क्रिएटिनिन थोडं वाढलेलं, ईसीजी ठीक. डॉक्टरांनी चार दिवस मेहनत बंद सांगितली, परत तपासणी शुक्रवारी. ती चांगली आली तरच चाचणीचं बघू म्हणाले.

मग संध्याकाळी मी आणि माझे मिस्टर तालमीत गेलो. रिपोर्ट सोबत नेला आणि मास्तरांनी लिहिलेलं खाशाबांचं, वजनाच्या नियमाचं वाचून दाखवलं. वस्ताद बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, पोरानं मला अंधारीचं सांगितलं नाही. भाच्याला विचारलं तर खाली मान घालून म्हणाला, वस्तादांना वाटलं असतं मी कच्चा आहे. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ५१ मधनं नाव काढलं. पुढं ५५ मध्ये खेळायचं का नाही हे शुक्रवारच्या रिपोर्टवर. खेळलाच तर पहिली कुस्ती तालमीतल्याच त्या पोराबरोबर पडणार, हरू शकतो, हे भाच्याला कळतं आणि त्याचा चेहरा उतरलेला आहे, मी खोटं सांगणार नाही. माझ्या बहिणीला अजून पटलेलं नाही, ती म्हणते वर्ष वाया गेलं.

वस्ताद म्हणाले दर महिन्याच्या एक तारखेला सगळ्या पोरांचं वजन वहीत लिहायचं सुरू करतो, पण कसं घ्यायचं नीट विचारून सांगा.

मॅटवरचा_मास्तर

वस्तादांना माझा नमस्कार सांगा, एवढं ऐकून घेणारा माणूस मोठा. वजन सकाळी, लघवी-संडास झाल्यावर, लंगोटावर, मेहनतीच्या आधी. काटा कायम तोच आणि सपाट फरशीवर. आदल्या दिवशी पाणी-जेवण नेहमीसारखं. लघवी गडद असेल त्या पोराचं त्या दिवशी लिहायचं नाही, पाणी पाजून दुसऱ्या दिवशी घ्यायचं. आणि उंची पण लिहा शेजारी. उंची वाढतीये आणि वजन जागेवर आहे असं दिसलं तर तो पोरगा कमी खातोय. मेहनतीच्या आधी आणि नंतरचंही अधूनमधून घेत जा, तासाभरात जेवढं कमी भरतं तेवढा घाम, तो पिऊन भरून काढायचा. हंगामाच्या आधी वही बघून गट ठरवायचा आणि मग बदलायचा नाही, बदलला तर फक्त वर.

तुमच्या बहिणीला सांगा, सतरा वर्षांखालच्या गटात त्याचं अजून एक वर्ष आहे, मग वीस वर्षांखालचा गट. काही वाया गेलेलं नाही.

बे_सोलापुरी

डॉक्टर, एक विचारायचं होतं. मला क्रिएटिनिन करून घ्यायचंय, दोन वर्षं झाली गोळी घेतोय. उपाशीपोटी जावं लागतं का? आणि पैलवानाचं जास्तच येतं म्हणतात, खरंय का?

डॉ_अनघा

उपाशी जायची गरज नाही. आदल्या दिवशी जड मेहनत नको, रात्री मटणावर ताव नको, आणि पाणी नीट पिऊन जा. स्नायू जास्त असले की क्रिएटिनिन थोडं वर येऊ शकतं, खरं आहे, म्हणून एकाच आकड्यावर घाबरायचं नाही आणि पैलवान आहे म्हणून सोडूनही द्यायचं नाही. सोबत लघवीची साधी तपासणी कर, त्यात प्रोटीन जातंय का बघतात, आणि बीपी मोज. सिव्हिलला सकाळच्या ओपीडीत सगळं होतं. खांद्यासाठी गोळी आजपासून बंद, तोवर शेक दे आणि हाडांच्या डॉक्टरांना एकदा दाखव. रिपोर्ट आला की इथं नको टाकूस, मला मेसेज कर.

बे_सोलापुरी

हो. सोमवारी जातो.